उतारावर टिलर चालवताना

कळंबोलीत एक मामा राहतात. ते ट्रक चालवतात. कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल भरायचा आणि पुण्याकडे न्यायचा, हे त्यांचे काम. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीलाच सुरू होतो. तो २००२ साली पुरा झाला. त्याआधी मामा जुन्या रस्त्याने बोरघाट चढत-उतरत. म्हणजे घाट त्यांना घरच्या अंगणासारखा.

मामांच्या वडिलांची कळंबोलीत भातशेती होती. १९७० साली सिडको स्थापन झाली. नवी मुंबई वसवायचे ठरले. ठाणे, पनवेल आणि उरण या भागांतल्या कितीतरी गावांची शेते त्यात गेली. मामांच्या घरचेही शेत गेले. "आमच्या खाचरात आता लोखंड पिकते," असे मामा म्हणतात आणि हसतात. ते हसणे फार वेळ टिकत नाही.

मामांची थोरली बहीण प्रबळगडाच्या पायथ्याला दिली आहे. तिथे अजून शेती आहे. खाली ओहोळाजवळ भाताची खाचरे. वर डोंगराच्या अंगाला वरकस जमीन. पूर्वी तिथे नाचणी, वरी होत असे. आता भाचा तिथे पावसाळी काकडी आणि शिराळी लावतो. भाजी पनवेलच्या बाजारात जाते.

दोन वर्षांपूर्वी भाच्याने बैल विकले. बैलजोडीला वर्षभर चारा घालायचा आणि काम घ्यायचे थोडेच दिवस, हे परवडेना. त्याने कर्ज काढून पॉवर टिलर घेतला. दोन चाकांचे हे यंत्र तुम्ही पाहिले असेल. पुढे डिझेलचे इंजिन. मागे फिरणारी पाती. त्यांना रोटाव्हेटर म्हणतात. त्याच्या मागे दोन लांब मुठी. मुठी धरून माणसाने मागून चालायचे. दुकानाचा माणूस आला. सपाट खाचरात दोन तास शिकवून गेला. भाच्याने त्या वर्षी सगळी चिखलणी टिलरने केली. काही बिघडले नाही. मग त्याला वाटले, आता वरकसही टिलरनेच नांगरू.

जूनचा पहिला आठवडा होता. दोन पाऊस पडून गेले होते. जमीन मऊ झाली होती. मामा त्या दिवशी बहिणीकडे आले होते. टिलर चढाने वर नेला. वरचा तुकडा नांगरून झाला. आता यंत्र खाली आणायचे होते.

मामा म्हणाले, "दे इकडं. उतार कसा उतरायचा ते मला इचार. तीस वर्षं घाट उतरतोय."

ताई पडवीत बसली होती. तिच्या हातात यंत्राबरोबर आलेले माहितीचे पुस्तक होते. ताई गेल्या वर्षीच रात्रीच्या वर्गात वाचायला शिकली. मिळेल तो कागद ती वाचून पाहते. अक्षरावर बोट ठेवून ती वाचत होती. ती म्हणाली, "अरे बाबा, इथं उताराचं काहीतरी लिवलंय. थांब, वाचते."

"नंतर वाच ग ताई," मामा म्हणाले.

मामांनी सुरुवात बरोबर केली, हे आधी सांगितले पाहिजे. उतार सुरू होण्याच्या आधीच त्यांनी यंत्र थांबवले. सर्वांत हळू चालीचा गियर टाकला. रोटाव्हेटर बंद केला. मगच ते उताराला लागले. घाटातले चालक असेच करतात. ज्या गियरमध्ये चढायचे, त्याच गियरमध्ये उतरायचे. मधे क्लच दाबायचा नाही. गाडी न्यूट्रल करायची नाही. का? गियरमध्ये असताना इंजिन चाकांना आवरून धरते. गियर सुटला, की चाके मोकळी होतात. मग सगळा भार उताराकडे धावतो. टिलरलाही हाच नियम आहे. मोठा टिलर चारशे किलोच्या आसपास वजनाचा असतो. तो धावू लागला तर दोन हातांनी थांबत नाही.

वाट अरुंद होती. उजव्या अंगाला पावसाने घळ पडली होती. यंत्र जरासे उजवीकडे सरकले. मामांनी ते डावीकडे घ्यायचे ठरवले. टिलरच्या प्रत्येक मुठीखाली एक लहान दांडी असते. तिला साईड क्लच म्हणतात. डावी दांडी दाबली की यंत्र डावीकडे वळते. उजवी दाबली की उजवीकडे. मामांनी हे सकाळीच सपाटीवर करून पाहिले होते. त्यांनी डावी दांडी दाबली.

यंत्र उजवीकडे वळले! थेट घळीच्या बाजूला.

मामांना कळेना. त्यांनी डावी दांडी आणखी घट्ट दाबली. यंत्र आणखी उजवीकडे गेले. आता उजवे चाक कडेवर आले. माती सुटू लागली. मामा मुठी धरून मागे ओढू लागले. त्यांचे पाय घसरू लागले. दीड-दोन लाखांचे यंत्र. कर्ज अजून फिटलेले नाही. सोडवेल कसे?

भाचा ओरडला, "मामा, सोड! सोड ते!"

मामांनी मुठी सोडल्या आणि डावीकडे वरच्या अंगाला उडी घेतली. टिलर घळीत कलंडला. खाली ऐनाचे झाड होते, त्याला जाऊन अडकला. इंजिन धडधडत होते. भाचा वरच्या बाजूने हळूच गेला. त्याने हात लांब करून इंजिन बंद केले. एक मूठ वाकली होती. बाकी काही झाले नाही. मामांच्या कोपराला खरचटले. ते एका दगडावर बसले आणि बराच वेळ बोलले नाहीत.

हे असे का झाले? यंत्र बिघडले होते का? नाही. यंत्र अगदी ठीक होते. ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण टिलर चालवणाऱ्या पुष्कळ जणांना ती ठाऊक नसते.

बैलगाडीचे उदाहरण घेऊ. सपाट रस्त्याने गाडी चालली आहे. दोन्ही बैल ओढत आहेत. समजा, डावा बैल ओढायचा थांबला. उजवा ओढतोच आहे. मग उजवी बाजू पुढे जाईल आणि गाडी डावीकडे वळेल. साईड क्लच हेच करतो. डावी दांडी दाबली की डाव्या चाकाचा इंजिनाशी संबंध तुटतो. उजवे चाक एकटे ओढते. यंत्र डावीकडे वळते.

आता तीच गाडी उताराला लागली आहे. इथे बैल गाडी ओढत नाहीत. गाडीच बैलांना ढकलते. दोन्ही बैल मागे रेटून तिला आवरून धरतात. समजा, डाव्या बैलाने आवरणे सोडले. डावी बाजू मोकळी झाली. ती पुढे धावेल. उजवी बाजू मागे राहील. गाडी कुठे वळेल? उजवीकडे. टिलरचेही तसेच. उतारावर डावी दांडी दाबली की डावे चाक मोकळे होऊन पुढे पळते. उजवे चाक इंजिनाने आवरलेले असते. म्हणून यंत्र उजवीकडे फिरते.

ट्रकला सुकाणूचे चाक असते. ते चढावर आणि उतारावर सारखेच चालते. त्यामुळे तीस वर्षे घाट उतरलेल्या मामांनाही हा उलटा न्याय माहीत नव्हता.

मग उतारावर टिलर वळवायचा कसा? साईड क्लचला हात लावायचाच नाही. दोन्ही मुठी धरून हलकेच रेटायचे. मुठी उजवीकडे रेटल्या की यंत्राचे तोंड डावीकडे येते. थोडे थोडे वळवायचे. मोठे वळण घ्यायचे असेल तर ते सपाट जागेवर येऊन घ्यायचे. काही जण म्हणतात, "उलटी दांडी दाबली की झाले!" हे मला पटत नाही. उतार कमी-जास्त होतो. चढाची जागा लागली की न्याय पुन्हा सुलटा होतो. घाबरलेल्या माणसाला एवढा हिशेब सुचत नाही. मामांना सुचला नाही, तो आपल्याला सुचेल याचा काय भरवसा?

थांबायची वेळ आलीच तर मुख्य क्लच अर्धवट दाबून ठेवू नका. पुष्कळ टिलरमध्ये मुख्य क्लचचा दांडा पूर्ण मागे ओढला की ब्रेक लागतो. तुमच्या यंत्रात ब्रेक कुठे आहे, ते सपाटीवर असतानाच बघून ठेवा. थांबल्यावर चाकाखाली मोठा दगड लावा. पण दगड लावायला यंत्राच्या खालच्या बाजूला जाऊ नका. बाजूने हात घाला.

संध्याकाळी चार माणसे आली. दोर लावून टिलर बाहेर काढला. चहा झाला. मग मामा स्वतःच म्हणाले, "ताई, ते काय वाचत होतीस? वाच आता."

ताईने बोट ठेवून वाचले. उतारावर साईड क्लच वापरू नये, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. एकच ओळ. भाचा खाली बघू लागला. दोन वर्षे पुस्तक घरात होते. ते फळीवर ठेवलेले होते, प्लास्टिकच्या पिशवीत, नव्यासारखे.

दुसऱ्या दिवशी तिघांनी वरकस जमीन फिरून पाहिली. कुठे टिलर घालायचा आणि कुठे नाही, हे ठरवायचे होते. डोळ्यांना उतार नीट कळत नाही.  म्हणून त्यांनी तो मोजला. तुम्हीही मोजू शकता. दहा फूट लांबीचा सरळ बांबू घ्या. त्याचे एक टोक उताराच्या वरच्या बाजूला जमिनीवर टेका. दुसरे टोक खालच्या बाजूला हवेत धरा. बांबूवर अर्धी पाण्याने भरलेली, झाकण लावलेली बाटली आडवी ठेवा. बाटलीतले पाणी दोन्ही टोकांना सारखे दिसेपर्यंत बांबू वर-खाली करा. पाणी सारखे झाले म्हणजे बांबू सपाट आहे. आता हवेतल्या टोकापासून खाली जमिनीपर्यंत किती अंतर आहे, ते मोजा. एक फूट भरले तर दहा फुटांना एक फूट उतार. दोन फूट भरले तर दहा फुटांना दोन फूट.

किती उतार चालतो? यंत्रायंत्रांत फरक असतो. तुमच्या यंत्राच्या पुस्तकात दिले असेल तेच धरा. पुस्तकात काहीच नसेल तर माझे मत सांगतो. एक फुटापर्यंत टिलर चालवावा. एक ते दोन फुटांच्या मधे कोरड्या जमिनीत, सावकाश आणि सोबतीला माणूस असेल तरच चालवावा. दोन फुटांच्या वर टिलर नेऊच नये. ओल्या जमिनीत हे माप आणखी कमी धरावे. चिकण माती भिजली की माणसाचा पाय टिकत नाही, मग चाक कसे टिकेल?

ताईच्या जमिनीचा वरचा तुकडा मोजला. तीन फूट भरले! भाच्याने आदल्या दिवशी नेमका तोच नांगरला होता. भाचा काही बोलला नाही. मामा म्हणाले, "देवानं काल आपल्याला दोनदा वाचवलं."

आता नांगरायचे कसे? इथे एक अडचण आहे. उतारावर वर-खाली नांगरले तर यंत्र बाजूला कलंडत नाही. पण नांगराचा प्रत्येक तास पाण्याची वाट होतो. आपल्या कोकणात पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. हे पाणी तासातून धावते आणि माती ओहोळात नेते. ती माती परत येत नाही. उताराला आडवे नांगरले तर तास पाणी अडवतात. माती राहते. पण आडवे चालताना यंत्र खालच्या अंगाला झुकते. म्हणजे मातीचे भले बघावे तर यंत्र झुकते आणि यंत्राचे भले बघावे तर माती जाते.

यातून वाट अशी आहे. हलक्या उतारावर आडवेच नांगरावे. सुरुवात वरच्या कडेने करावी आणि एकेक तास खाली यावे. यात एक फायदा आहे. दुसऱ्या तासाला वरचे चाक आधी नांगरलेल्या मऊ मातीत चालते. ते थोडे खाली बसते. खालचे चाक कठीण जमिनीवर राहते. त्यामुळे यंत्र कमी झुकते. चाकांमधले अंतर वाढवता येत असेल तर वाढवून घ्यावे. रुंद पाय ठेवून उभा राहिलेला माणूस सहज पडत नाही, तसेच हे. चालणाऱ्याने मुठींच्या मागे, जरा वरच्या अंगाला राहावे. खालच्या अंगाला कधीच जाऊ नये. तासाच्या शेवटी वळताना सपाट जागा शोधावी.

मधल्या उतारावर आधी मजगी करावी. म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची सपाट खाचरे पाडावीत. मग त्या सपाटीवर टिलर खुशाल चालतो. मजगीला एक वर्ष मेहनत पडते, पण जमीन कायमची सुधारते. बांधाच्या कडेला मात्र जाऊ नका. कडेची दोन-तीन फूट पट्टी कुदळीने खणा. कडेची माती वरून घट्ट दिसते आणि वजन पडले की ढासळते. एका खाचरातून दुसऱ्यात जाताना बांध तिरका ओलांडू नका. मातीचा उतरता भराव करा आणि त्यावरून सरळ जा.

फार चढी जमीन असेल तर तिथे नांगराचे कामच नाही. खड्डे खणून आंबा, काजू लावावा. १९९० सालापासून रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवड सुरू झाली. तिच्यामुळे कोकणात कितीतरी डोंगरउतारांवर आंबा-काजू उभा राहिला. तिथे टिलर लागत नाही. कुदळ पुरते.

चढ चढण्याविषयीही सांगितले पाहिजे. चढताना माणूस यंत्राच्या खालच्या बाजूला असतो. चाके घसरली तर यंत्र मागे माणसावरच येते. पुढचे तोंड उचलले जाऊ लागले किंवा चाके जागच्या जागी फिरू लागली, तर जोर लावू नका. मुठी सोडा आणि बाजूला व्हा. बैल घसरू लागला तर तो स्वतः थांबतो, पाय रोवतो. जीव त्यालाही प्यारा असतो. यंत्राला तेवढे शहाणपण नाही. काही नव्या लहान यंत्रांत मूठ सोडली की पाती किंवा चाके आपोआप थांबतात. जुन्या मोठ्या टिलरमध्ये अशी सोय नसते. तो तसाच चालत राहतो. तरीही सोडाच. यंत्र दुरुस्त होते. फार तर नवे कर्ज होते.

मागे घेताना तर फार जपा. रिव्हर्स गियर टाकला की यंत्र तुमच्याकडे येते. मागे पाती आहेत आणि त्यांच्या मागे तुमचे पाय. रोटाव्हेटर बंद केल्याशिवाय रिव्हर्स टाकू नका. मागे झाड, बांध किंवा भिंत आहे का, ते आधी वळून पाहा. मधे सापडलेल्या माणसाला पळायला जागा नसते.

अनवाणी टिलर चालवू नका. चांगले पकडणारे बूट घाला. लुंगी, गळ्यातला पंचा, साडीचा मोकळा पदर ही सगळी पात्यांत अडकणारी वस्त्रे आहेत. बायका आता टिलर चालवू लागल्या आहेत, ही चांगली गोष्ट आहे. त्यांनी पदर घट्ट खोचावा किंवा वरून सदरा घालावा. पात्यांत गवत, वेल गुंडाळले तर इंजिन पूर्ण बंद करूनच काढावे. "एवढंच तर हाय, पायानं काढतो," असे म्हणून बोटे गमावलेली माणसे आहेत. डिझेल आणि तेल सपाट जागेवर आणि इंजिन थंड असताना भरावे. उतारावर यंत्र तिरके असते, तेलाची काडी खोटे माप दाखवते.

मुलांना दूर ठेवा. सोबतीचा माणूस वरच्या बाजूला उभा करा, पण दूर. आपल्या डोंगरात काळ्या दगडाचे तुकडे फार. पाती ते उडवतात. नांगरणीच्या आधी दगड वेचून बांधाला लावले तर बांधही पक्का होतो.

एवढे करूनही कुणाला लागलेच, तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा. हळद, चुना, माती लावू नका. १०८ या क्रमांकावर फोन करा. रुग्णवाहिका येते, तिला पैसे पडत नाहीत. डोंगराजवळ फोन लागत नसेल तर कुठल्या जागी लागतो, ते आधीच ठाऊक असू द्या.

ताईच्या घरी मग असे ठरले. तीन फुटांच्या तुकड्यात काजूचे खड्डे घ्यायचे. खालच्या हलक्या उतारावर टिलरने आडवे नांगरायचे आणि काकडी लावायची. मधल्या तुकड्याची मजगी पुढच्या उन्हाळ्यात करायची. मामांनी सुट्टी काढून यायचे कबूल केले. वाकलेली मूठ त्यांनी कळंबोलीला नेऊन सरळ करून आणली. लोखंडाची तिथे काय कमी!

पुस्तक आता फळीवर नसते. ते पडवीत खुंटीला टांगलेले असते. रात्री जेवण झाले की ताई एक पान वाचते आणि भाचा ऐकतो. परवा तेल कधी बदलायचे त्याचे पान निघाले. भाचा उठला, बॅटरी घेतली आणि टिलरचे तेल पाहायला गेला.